तीन राजधान्यांच्या वाटेवर

सिआबेलो म्हणजे सोतो भाषेत वाटा.
बावीस वर्षं एकच रस्ता, तीच सरकारी व्हॅन,
मागे मोहरबंद पेट्या.

प्रिटोरियात हुकूम निघतात.
कायदे घडतात पार समुद्राकाठी, केपटाउनला.
आणि मधल्या पठारावर, ब्लोमफॉन्टेनला,
चष्मा पुसत कुणी न्यायाधीश
दोघांचंही लिहिणं उजेडात धरतो.

कोल्सबर्गच्या पंपावर मी त्याला आमची म्हण सांगितली:
तीन तिघाडा, काम बिघाडा.
तो इतका हसला की कपातला चहा हिंदकळला.
मग काचेवरचे किडे पुसता पुसता म्हणाला,
"तेव्हाही गावं तीनच होती,
पण शब्द एकाचाच चालायचा.
मी सात वर्षांचा. पहाटे ट्रक आले,
अख्खी वस्ती उचलली, उघड्या माळावर ओतली.
कागद चोख. सह्या वेळेवर.
कुठेच काही बिघडलं नाही."

पुढे कारूचा अंधार, पावणेआठशे किलोमीटर.
निघण्याआधी तो मागे गेला,
पेट्यांचे पट्टे एकेक ओढून पाहिले,
पुन्हा पाहिले.

घाई फक्त मला होती.