विसर्जन

आठवी ब, पंचवटी.
फळ्यावर अर्धवर्तुळ काढलं;
पाचशे त्रेचाळीस ठिपके मावेनात,
खडू दिंडोरीपाशीच संपला.

राज्यसभा स्थायी, मी म्हणालो,
दर दोन वर्षांनी एक तृतीयांश उठून जातात,
बाकीचे बसून असतात.
लोकसभा मात्र विसर्जित होते.

"कुठल्या घाटावर, सर?"

वर्ग खिदळला. विचारणारा भिवसन गांगुर्डे
हसला नाही.
पहाटे रामकुंडात तो दोरीला चुंबक बांधून
नाणी काढतो,
राखेखालची, इतरांच्या नवसांची.

"मग तळाशी काय राहतं?"

अर्धवट विधेयकं, म्हटलं,
पण तीही बुडतात.

त्यानं ते लिहून घेतलं,
आणि वहीतल्या एका ठिपक्याला,
कुणाचा ते न विचारता,
बारीकशी दोरी काढली.