टेस्ट ड्राइव्ह, औसा रोड

तीन प्रकारांत येते ही गाडी, मी सांगतो,
दिवसातून नऊ-दहा वेळा, तोंडपाठ:
साधी, मधली आणि वरची.
हौदा तिन्हींचा नऊ फूट,
वजन तेराशे किलो, कागदावर.
गंजगोलाईत कागद कोण बघतं.

साधीची काच हातानं फिरवायची,
सीट रेक्झिनची; उन्हाळ्यात
बसून बघा म्हणत नाही मी कुणाला.
मधलीला पॉवर स्टिअरिंग, मोबाइलचं चार्जिंग,
मान टेकवायला उशी.
वरचीला एसी, पडदा, मागचं दाखवणारा कॅमेरा,
तोंडावर क्रोमची जाळी
आणि दार उघडलं की पायाशी उजळणारा निळा दिवा,
जो आजवर कुणी मागितलेला नाही
आणि ज्यावरून कुणाची नजर हटलेली नाही.

पदमिनबाई कासारांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.
वाकल्या, चाकामागे हात घातला,
पाट्यांवरून बोटं फिरवली,
गिऱ्हाइकाचं मनगट चाचपावं तशी.
"लई कडक हाय हात हिचा."

सोबत सून, सत्यशीला. लायसन्स तिच्या नावावर.
आणि सुतळीनं बांधलेला एक खोका.
"बारा डझन हायत, सव्वादोनाच्या.
पेंढा घातला नाही मुद्दाम.
चला, फिरवून आणू."

रिंगरोडच्या अलीकडे पाइपलाइनचं खोदकाम
दोन वर्षांपासून पूर्ण होत आलंय.
तिथून नेली. सूनबाई चालवत, मी शेजारी,
बाई मागे हौद्यात, खोक्याला टेकून.
कंपनीच्या नियमात बसत नाही हे.
त्या बसल्या.

परत येऊन फाळका पाडला, त्यावर फडकं अंथरून
एकेक काकण उजेडाला धरलं.
"अकरा वाढवल्या हिनं."
फुटल्या म्हणत नाहीत त्या.

मग मधली, तितक्याच नव्या भरून. "दहा."
मग वरची, एसी लावून, निळ्या दिव्यासकट.
"अकरा."

"कामून हो साहेब? पैसे तर दीड लाख जास्तीचे."
महिनाअखेर होती. फळ्यावर माझ्या नावापुढे
दोनच गाड्या.
तरी बोलून गेलो: पाटे तिन्हींना तेच, बाई.
माल भरला की मऊ चालते, रिकामी असली की आपटते.
ब्रोशरात ते नसतं.
"मंग वरचे पैसे कशाचे?"
"बसणाऱ्याचे."

तेव्हा त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि मीही.
साधीचं स्टिअरिंग ओढून ओढून
तळहात लाल झालेले.
मनगटावर घड्याळ तेवढं.
आधीची गाडी कोण चालवायचं, हे मी विचारलं नाही;
नंतर अर्जात 'पतीचे नाव' या रकान्यात
तिनं आधी कै. लिहिलं,
मग बराच वेळ पेन तसंच धरून ठेवलं.

"काकणाला पेंढा हाय," बाई म्हणाल्या, फडकं झटकत,
"हिला काय हाय?"

मधली घेतली. पांढरी.
क्रोमला नाही म्हणाल्या, पडद्याला हसल्या,
पण फाळक्याच्या कडेला जाड रबराची पट्टी
फुकटात बसवून घेतली, तासभर घासाघीस करून:
"हितंच दुकान मांडायचं हाय.
बाया हात टेकवून बसत्यात, काठ लागंल."

टेस्ट ड्राइव्हच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो,
ग्राहकाचा अभिप्राय.
तिन्ही गाड्यांपुढे मी लिहिलं:
अकरा. दहा. अकरा.
मॅनेजर म्हणाला, हे काय, मार्क? दहापैकी अकरा?
मी म्हटलं, हौदे झाडायला कुणाला तरी पाठवा सर.
अनवाणी नको.