सहा रेघा

पाषाण रोडची शेवटची पीएमपी गेली
की टेबल हलायचं थांबतं.
तशी आमची समजूत.
हवेच्या चार पायांवर तरंगणारं ते टेबल,
विद्यापीठ चौकात कुणी पत्रा आपटला तरी दचकतं.

मल्टिप्लगचा हिरवा डोळासुद्धा
मुजावरने काळ्या चिकटपट्टीने मिटवलाय.
मोबाइल दाराबाहेर, चपलांपाशी.
स्फटिक चार केल्विनवर.
या महिन्याचं हेलियमचं बिल बघून शेडगेमामा म्हणाले,
एवढ्यात एखादी जुनी अल्टो आली असती.

तीनशे बारा ठिपके बघून झाले.
कुणाची एकच रेघ, नीट भांग पाडल्यासारखी:
आत कुणी नाही.
कुणाचा नुसता सारवल्यासारखा पट्टा:
आत गर्दी.
आम्हाला हवं होतं एकच बिऱ्हाड,
कॅडमियम-टेल्युरियमच्या हजारो खोल्यांत
चुकून राहायला आलेला
मँगेनीजचा एक अणू.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी
पडद्यावर सहा रेघा.
“कंगवा,” मुजावर म्हणाला, आणि मग
बराच वेळ काहीच नाही.

खरं तर एका वेळी सहा नसतातच त्या.
तो सहा तऱ्हांनी कलू शकतो, पण त्या त्या क्षणी
एकाच.
आम्ही शटर उघडं ठेवलं दहा सेकंद,
तेवढ्यात तो लाखो वेळा कूस बदलून गेला.
सहा रेघा म्हणजे
आम्ही किती सावकाश पाहिलं त्याची नोंद.

लेसर कमी केला, तर दिसेना.
वाढवला, तर आमच्याच उजेडाने
तो वळायला लागला.
बघणं आणि ढकलणं यांच्या मधली जागा
स्क्रूच्या अर्ध्या आट्याएवढी.

साडेपाचला ठिपका सरकला. शोधला. नाहीच.
बाहेर आलो तर टेकडीकडे मोर ओरडत होते
आणि चपलांपाशी मोबाइल:
मिरजेहून अकरा मिस्ड कॉल.
मुजावरने पाहिलं. खिशात घातला.
“काही नाही,” म्हणाला.
एका रेघेत.

मी विचारणार होते.
मग नुसतं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं,
अंधुक उजेडात
जेवढं दिसलं तेवढंच.

वहीत लिहिलं:
३१३. सहा. उंची असमान.
पुन्हा बघणे.