हिरव्या रेघा

चोपड्यात, यावल रोडच्या अंगाला,
रिटायर झाल्यावर बांधलेल्या घरापुढे
बारा बाय वीस फुटांचं लॉन.
एकतीस वर्षं खतांच्या दुकानात काउंटरवर बसलो मी;
पोत्यांवरचे आकडे मला
नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ.
मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत,
गल्लीत तेवढंच काय ते हिरवं असायचं
आणि ते माझं असायचं.

कुमुदिनी म्हणाली, एक बघितलंत?
समोरच्या पडीक प्लॉटवर साळुंक्या उतरतात,
गाजरगवतात चोची खुपसतात.
आपल्याकडे नुसत्या तारेवर बसतात,
खाली बघतात आणि जातात.
मी म्हणालो, पाखरांना काय कळतं.
ती आत गेली, उलथनं घेऊन आली,
कडेचं वीतभर गवत तव्यावरच्या भाकरीसारखं उलटवलं.
खाली पांढुरकी माती, थापून वाळवल्यासारखी.
गांडूळ नाही, मुंगी नाही,
मातीला मातीचा वाससुद्धा नाही.
ती काही बोलली नाही,
उलथनं घासायला घेऊन गेली.

तर मग पोतं बंद.
तणनाशकाची बाटली इन्व्हर्टरच्या मागे.
धुडकू आप्पा सायकलला बादली बांधून शेण आणू लागला.
गूळ, बेसन, वडाखालची मूठभर माती,
निळा ड्रम, आणि काठीनं ढवळायचं ते उजवीकडेच.
का, ते त्यालाही माहीत नव्हतं.
सरकीची पेंड भिजत पडलेली,
अडावदहून भाच्यानं पाठवलेला केळीच्या खोडांचा कुजका लगदा,
महाजन सर शेजारच्या खिडक्या लावून घेऊ लागले.

पंधराव्या दिवशी लॉन पिवळं.
विसाव्या दिवशी, कावीळ झालेल्या माणसाच्या
डोळ्यांसारखं पिवळं.
फिरायला जाणारे फाटकाशी थांबत:
काय हो, तुमच्याकडे असं?
तुमच्याकडे.

आप्पा ड्रम ढवळता ढवळता म्हणाला,
"गवतले दारूनी सवय लागेल शे, शेठ.
सुटता सुटता थरथरीच."

थरथरत मीच होतो.
जिन्याखाली अर्धं पोतं होतं, जुन्या सतरंजीनं झाकलेलं.
एका रात्री दोनला उठलो.
चपला घातल्या नाहीत.
अंघोळीच्या मगात भरून घेतला,
आणि फेकत गेलो, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
पुन्हा त्या टोकापासून ह्या.
युरिया ओल्या हाताला गार लागतो, बर्फासारखा;
एकतीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं.
पोत्यात हात घालायची वेळ दुसऱ्यांवर येते,
काउंटरवर नाही.
पाइपच्या तोंडाशी अंगठा धरून
आवाज न करता पाणी मारलं
आणि येऊन झोपलो. झोपलो म्हणजे, पडलो.

पाचव्या दिवशी उगवलं ते सगळं.
सहा रेघा, गडद हिरव्या,
माझ्या हाताच्या झोताएवढ्या रुंद,
नळापाशी वळसा घेतलेल्या,
शेवटची जरा वाकडी, कारण तिथे मला खोकला आला होता.
पिवळ्या कागदावर केलेली सही.
कुमुदिनी चहाचा कप घेऊन पायरीवर उभी.
बराच वेळ उभी.
"हात अजून सरळ चालतो तुमचा," म्हणाली.
बिस्किटांचा डबा पुढे केला.

उरलेलं पोतं दुकानात परत नेलं.
काउंटरवरचा पोरगा, मीच तयार केलेला,
म्हणाला, काका, फुटकं पोतं परत घेत नाहीत,
तुम्हीच शिकवलंय.
अजून स्कूटरच्या शेडमध्ये पडलंय ते, दगड झालंय.

कानबाई येऊन गेली, रोट संपले.
लव्हाळा हातानं उपटतो, गाठीसकट,
गुडघे बोलतात, बोलू देत.
रेघा फिकट झाल्या, पण कुणी दाखवल्या तर दिसतात.
काल सकाळी एक साळुंकी तारेवरून खाली आली.
माझ्या रेघांवर नाही,
मधल्या पिवळ्या पट्ट्यात उतरली,
मान वाकडी करून मातीला काहीतरी विचारलं,
आणि चोच घातली.

काय मिळालं ते दिसलं नाही.
चष्मा आत होता,
आणि उठायची माझी हिंमत झाली नाही.