हातचा एक

गॅरेजमध्ये शून्याखाली अठरा.
डुलुथचं बंदर गोठलंय, खनिजाची जहाजं आता मार्चपर्यंत नाहीत,
आणि ड्वेन प्लायवूडच्या उरल्यासुरल्या फळीवर हिशेब मांडतोय
सुतारी पेन्सिलीनं, चपट्या. गडगडत नाही म्हणून आवडते त्याला.
घरात कागद आहे.
कागदावर आकडे सुचत नाहीत म्हणतो.

बर्च प्लाय, दोन शीट: एकशे छप्पन्न.
घडीचे लोखंडी पाय: चौसष्ट.
चाकं चार, ब्रेकवाली: अडतीस.
ॲल्युमिनियमचा ट्रॅक, ज्यात आडपट्टी सरकते: सत्तेचाळीस.
क्लॅम्प बावन्न. नटबोल्ट आणि मुठी तेवीस.
बेरीज करताना हातचा तो खरोखर हातात धरतो,
मूठ मिटून, उडून जाईल असा.
तीनशे ऐंशी. खाली दुहेरी रेघ.

जवळ आहेत तीनशे,
बोटीचं इंजिन विकलं त्याचे.
बोट ताडपत्रीखाली पालथी पडून आहे
आणि तिचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

हीटरचा गॅस कुठे धरलास? मी विचारलं.
दहा अंशांखाली गोंद धरत नाही, तूच सांगतोस.
तो घरखर्चात, म्हणाला.
असं घरखर्चात ढकलून ढकलूनच घरं बसतात, ड्वेन हिएटाला.
सव्वीस वर्षं मी चर्चचा जमाखर्च लिहिलाय,
केकविक्रीच्या चिल्लरीपासून छपराच्या कर्जापर्यंत.
आण ती पेन्सिल.

आधी पाय कापले.
चर्चच्या तळघरात मोडकी टेबलं रचून ठेवलीत,
वरचा भाग भिजून फुगलेला, पाय धडधाकट.
पाद्रीबाईंना फोन केला. म्हणाल्या, खुशाल न्या,
खाली चिकटलेलं च्युइंगमही तुमचंच.
मग चाकं, चाराची दोन:
एक बाजू उचलायची आणि ढकलायचं, हातगाडीसारखं.
दोनशे सत्त्याण्णव.
वर तीन डॉलर. ड्वेननं शीळ घातली.

पण फळीच्या उजव्या कडेला आणखी एक रांग होती,
बारीक अक्षरात, जवळजवळ लपवलेली.
मला वाटलं मापं असतील.
वरची फळी, तीन भागांत: सतरा, सतरा, सतरा.
पायांची जोडी: नऊ.
खालचं खोकं: एकोणीस.
पौंड.
नोव्हेंबरात त्याची छाती उघडली, हाड तारेनं शिवलं,
आणि डॉक्टर मुखर्जींनी बजावलं, वीसच्या वर काही उचलायचं नाही.
किती दिवस, ते मी विचारलं होतं.
त्यानं विचारलं नव्हतं.

म्हणून हे टेबल असं सुटं-सुटं,
म्हणून हुक, खाचा, मुठी, एवढी सगळी यातायात.
मी समजत होते, नवा छंद.
रांगेच्या तळाशी करवतीचं यंत्र: शेहेचाळीस.
पुढे काहीच नाही.
यंत्राचे तुकडे होत नाहीत.
लोकांच्या पडव्यांची दारं, वादळी खिडक्या,
जिथे काम तिथे व्हॅन, आणि व्हॅनमधून ते खाली
कोण घेणार?
पेन्सिलीनं तिथे बराच वेळ नुसतं टिंब टिंब केलेलं होतं.

मी त्या टिंबांवर माझं नाव लिहिलं. मार्लिस.
किंमत लिहिली नाही, म्हणजे लिहायला गेले
आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

तो काही बोलला नाही.
चाकूनं टोक काढलं, हळूहळू, गरजेपेक्षा जास्तच लांब.
मग मला सरळ उभं केलं, कोट, लोकरी टोपी, सगळ्यासकट,
बूट मात्र काढायला लावले,
आणि फरशीपासून माझ्या मनगटापर्यंत टेप ताणला.
पायाला गारठा असा चावत होता.
साडेतेहतीस इंच, म्हणाला.
त्याला स्वतःला छत्तीस लागतात.
छत्तीसवर काट मारली.