बुधवार, रात्री नऊ

फ्रेझरबर्गच्या वृद्धाश्रमात
ताटांत वाटाणे तसेच पडलेले
आणि टीव्हीत खेकड्यांची बोट
उभीच्या उभी लाटेवर चढतेय.

"नाटकं मेली," एल्स्पेथबाई म्हणतात,
"कप्तानाच्या दाढीला बर्फसुद्धा शोभेल तेवढाच!"
गॉर्डनना, जन्म पोस्टात गेलेला,
पोरांचा पगार कमी वाटतो.
कुणीतरी म्हणतं, ते संगीत बंद करा,
समुद्राला ढोल कशाला हवेत?

मी गोळ्या मोजते. माझं मत कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते,
आईला फोनवर "मजेत आहे" सांगते ना मी,
ते असंच असतं, कापून जोडलेलं.

मॅग्नस टेट कधीच बोलत नाहीत.
डाव्या हाताची दोन बोटं
एकाहत्तर साली एका दोरखंडाला देऊन बसलेत.

आज दोर सुटला, पोरगं डेकवर घसरत गेलं,
खोलीभर श्वास अडकले
आणि म्हातारा खुर्चीतून अर्धा उठून ओरडला,
"अरे, तो चित्रण करतोय तो कुठं उभाय?
त्याला कुणी बांधलंय का?"

मग साबणाची जाहिरात लागली.
बऱ्याच वेळानं गॉर्डन म्हणाले,
वाटाणे गार झाले.