उसनं बळ

पुएर्तो माँतच्या कचेरीत दुपारभर
ओल्या लोकरीचा वास. माझ्याच स्वेटरचा.
समोर चिलोएच्या आडचं एक बेट,
एकेचाळीस घरं, नमुन्यात आलेलं एकच.
त्या एका वहीवरून मी सांगायचं
बेट महिन्याला किती खातं, किती जाळतं.

शितावरून भाताची परीक्षा, ठीक.
पण त्या शिताला काय झालं होतं
हे कोण विचारतं?

वही एदेल्मिरा वेनचूरची, पेन्सिलीतली.
पहिले तीन दिवस:
यीस्ट, काडेपेटी, साखर अर्धा किलो,
खोकल्याचं औषध, नवऱ्यासाठी.
चौथा दिवस कोरा.
पाचव्यापासून
मैदा पन्नास किलो. कॉफीचे आठ डबे. चरबी.
वाईन, आकडा खोडून पुन्हा लिहिलेला.
मेणबत्त्या.
दुसऱ्या दिवशी पुन्हा मेणबत्त्या.
नऊ रात्रींची प्रार्थना, येईल त्याला जेवण.
तिकडची रीतच आहे ती.

संगणकाला रीत कळत नाही.
त्याच्या लेखी हे बेट उधळं,
आलेखावर एकटा ठिपका,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.

अशा वेळी आम्ही शेजारच्या बेटांकडून
बळ उसनं घेतो.
आमच्या शास्त्रात खरंच असं म्हणतात.
छपरांचे पत्रे, शाळेतली मुलं, होड्यांची नोंद,
असे दोर बांधून त्या ठिपक्याला
सरासरीच्या धक्क्याकडे ओढायचं.
नमुना जितका लहान, तितकी ओढ जास्त.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर,
जिथे रकानेच नाहीत, तिने लिहिलंय:
बटाटे चार पोती, मान्सियांकडून.
लाकूड होडीभर, धाकट्या कार्कामोने आणलं.
मेंढी एक. नाव सांगू नको म्हणाले.
यातलं काही विकत घेतलं नाही. कुठे लिहू?

नियमपुस्तिकेत आहे उत्तर:
वेगळा तक्ता, चालू बाजारभावाने.
मी मेंढीचा भाव शोधला, बटाट्यांचाही.
रात्री वारा असताना होडी वल्हवत आणलेल्या लाकडाला
मी कोरड्या लाकडाचा भाव लावला.

साडेपाचला आकडा दिला.
बेट आता शेजाऱ्यांसारखं दिसतं.
ओवांदो म्हणाले, वा, चूक निम्म्यावर आली.

वही परत कपाटात ठेवताना
चौदावा दिवस राहिलेला दिसला:
काडेपेटी एक.
साखर, पाव किलो.